चौथ्या घरावर तिघांची नजर

माझ्या टेबलाच्या खणात एक पत्र बरेच दिवस पडून होतं. त्याला मी उत्तर दिलं नव्हतं. आळस हे कारण नव्हतं. उत्तर लिहायला बसलो की मनात यायचं, आपण कोण सांगणार? आणि हा प्रश्न एकदा पडला की पेनाला टोपण लावण्यापलीकडे माझ्या हातून काही होत नाही.

पत्र एका साप्ताहिकाच्या कार्यालयामार्फत आलं होतं. या साप्ताहिकात मी ‘राशीपलीकडे’ नावाचं सदर लिहितो. खाली माझं नाव नसतं, नुसतं ‘एक वाचक’ असतं. संपादकांना ही माझी नम्रता वाटते. खरं तर ती भीती आहे. मी ग्रंथालयात पुस्तकांची वर्गवारी करण्यात आयुष्य घालवलं. आपण स्वतः काही लिहिलं तर ते कुठल्या कपाटात जाईल, ही धास्ती अजून मनातून गेलेली नाही.

सदराचं म्हणणं साधं आहे. लोक भेटले की एकमेकांना रास विचारतात आणि तेवढ्यावर एकमेकांचा निकाल लावून मोकळे होतात. मला हे, घराला रंग कोणता दिलाय एवढं विचारून आतल्या संसाराबद्दल मत देण्यासारखं वाटतं. रंग राहू द्या. घरात कोण राहतं ते बघा. पत्रिकेत बारा घरं असतात. पहिलं आपलं स्वतःचं, दुसरं बोलण्याचं, तिसरं भावंडांचं, चौथं राहत्या घराचं आणि वाहनांचं, असं सगळं पूर्वीपासून ठरलेलं आहे. कुठला ग्रह कुठल्या घरात बसलाय आणि तिथून तो कोणाच्या घरात डोकावतोय, हे बघायचं. आणि मुख्य म्हणजे रिकामी घरं बघायची. ग्रह कमी आणि घरं जास्त, त्यामुळे काही घरं रिकामी राहणारच. त्यांच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. म्हणूनच बहुधा मला त्यांच्याबद्दल जवळीक वाटते.

राशींचा मोह होऊ नये म्हणून मी एक पुठ्ठा केला होता. पत्रिकेत राशींचे आकडे घरांच्या कोपऱ्यांत लिहिलेले असतात. बुटांच्या खोक्याचं झाकण घेऊन मी त्याला प्रत्येक घरासाठी एक अशा खिडक्या पाडल्या. पुठ्ठा पत्रिकेवर ठेवून चिमट्यांनी पक्का केला की खिडक्यांतून फक्त ग्रह दिसतात. आकडे, कडा, समास, सगळं झाकलं जातं.

“हे म्हणजे डोळ्यावर पट्टी बांधून आंबट-गोड ओळखण्यासारखं झालं,” ताई म्हणाली होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही एकाच घरात राहतो. ती राहते आणि मी असतो, असं ती लोकांना सांगते. माझे केस पार पांढरे झाले तरी ती मला बाळ म्हणते. वाण्याच्या दुकानातही म्हणते.

तर ते पत्र. ते आमच्या समोरच्या बाईंचं होतं. त्या गाडी चालवायला शिकवतात. रस्त्यापलीकडे तळमजल्यावर त्यांचं कार्यालय आहे आणि दारात ती लाल गाडी, जिला शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. सदर कोण लिहितं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे पत्र त्यांच्या दारातून निघालं, सगळं शहर फिरलं, साप्ताहिकाच्या कार्यालयात थोडं विसावलं आणि त्यांच्या समोरच्याच खिडकीत येऊन पडलं.

‘एक वाचक यांस,’ असं त्यांनी लिहिलं होतं. ‘तुमचं सदर मी गाडीतच वाचते, शिकणारा गाडी मागे घेत असतो तेव्हा. माझा धाकटा भाऊ दुसऱ्या गावात हाच धंदा करतो. तो म्हणतो, अक्का, बंद कर तिथलं आणि माझ्याकडे भागीदारीत ये. इथं मला धरून ठेवणारं तसं काही नाही, पण सोडवतही नाही. रास बघणाऱ्यांनी प्रत्येकानं वेगळं उत्तर दिलं. तुम्ही रास बघत नाही म्हणून तुम्हाला विचारते. पत्रिका सोबत आहे. महिनाअखेर भाऊ टेम्पो घेऊन येतोय. तोवर तुमचं उत्तर आलं नाही तर तुम्ही ‘जा’ म्हणालात असं समजेन.’

शेवटचं वाक्य मी पुन्हा एकदा वाचलं. गप्प राहणं ही माझी आजवरची सगळ्यात सुरक्षित जागा. आता माझं गप्प राहणं हेच उत्तर ठरणार होतं, आणि तेही मला नको असलेलं.

नको का, ते सांगायला हवं. सकाळी खालून “क्लच, अहो क्लच, डावा पाय देवानं कशाला दिलाय” असं ऐकू आलं की माझा दिवस सुरू होतो. त्या आवाजावर मी चष्मा शोधतो, चहा ठेवतो, खिडकीशी बसतो. सध्या त्यांच्याकडे दातांचे एक डॉक्टर शिकत होते. वळण आलं की डॉक्टरांचं तोंड आपोआप उघडायचं. “तोंड मिटा आणि आरसा बघा,” बाई म्हणायच्या, “दाखवायला नाही, चालवायला आलायत तुम्ही.” मी वर बसून हसायचो. हे सगळं उचलून टेम्पोत घातलं तर खिडकीत बसून मी बघायचं काय?

पत्रिका मी माझ्या जाड ग्रंथात ठेवली. घरांबद्दलचा तो ग्रंथ इतका वापरलेला आहे की त्याच्या पोटात खुणेच्या कागदांची दाटी झाली आहे. पुढच्या आठवड्यात मन घट्ट करून मी ती बाहेर काढली, तिच्यावर पुठ्ठा ठेवला, चिमटे लावले आणि वाचायला बसलो.

आणि काय सांगू, प्रथमच मला एखादी पत्रिका उघड्या दारासारखी दिसली. चौथं घर, म्हणजे वाहनांचं, रिकामं होतं. पण त्याच्यावर नजर कोणाकोणाची? प्रत्येक ग्रह आपल्या बरोबर समोरच्या घरात बघतोच. मंगळ, गुरू आणि शनी हे तिघे त्याशिवाय आणखी दोन-दोन घरांकडे तिरके बघतात. इथे मंगळ दहाव्या घरात, कामधंद्याच्या जागी बसून थेट चौथ्याकडे बघत होता. गुरू बाराव्या घरातून तिरका बघत होता. शनी दुसऱ्यातून बघत होता. मंगळ म्हणजे वेग, शनी म्हणजे संथपणा, गुरू म्हणजे शिकवणं. वेग, ब्रेक आणि शिकवणी, तिघांची नजर वाहनावर. गाडी शिकवणाऱ्या माणसाची पत्रिका याहून चांगली काढून दाखवा असं कोणी म्हटलं असतं, तर मला काढता आली नसती.

शिवाय शनी बोलण्याच्या घरात. ‘कठोर वाणी’, ग्रंथात होतंच. आणि मंगळाची एक नजर पहिल्या घरावर; पहिलं घर डोक्याचंही असतं, म्हणजे डोक्याला इजा.

ही इजा तेवढी पडताळून बघावी असं मला वाटलं. मी रस्ता ओलांडला. हे वाक्य लिहायला सोपं आहे.

बाईंच्या कार्यालयात भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता होता आणि टेबलावर खेळण्यातल्या गाड्यांचा चौक मांडलेला होता. खुर्ची एकच, आणि तिच्यासमोर लाकडी चौकटीत बसवलेलं खरं स्टिअरिंग.

“या. शिकायचंय?”

“नाही, म्हणजे मी समोर राहतो.”

“माहितीये. खिडकीतले ना तुम्ही? बसा, समोरचे.”

मी बसलो. हात कुठे ठेवावेत कळेना.

“चाकावर ठेवा. चावत नाही ते.”

मी ठेवले. “तुमच्या डोक्याला कधी काही लागलं होतं का?”

बाईंनी हातातली किल्ली खाली ठेवली. “हे विचारायला रस्ता ओलांडून आलात?”

“सहज आपलं.”

“लागलं होतं. गॅरेजचं शटर डोक्यात आलं. ही बघा खूण.”

“वा,” मी म्हणालो. मग म्हणालो, “म्हणजे, अरेरे.”

“तुम्ही विम्याचे आहात का?”

“नाही. ग्रंथालयात होतो. तुमच्या बोलण्यानं कोणी दुखावतं का हो?”

“डॉक्टर काही बोलले वाटतं तुमच्याकडे. त्यांना सांगा, बोलायच्या आधी गाडी बंद करायला शिका.”

टेबलावर साप्ताहिक पडलं होतं, माझ्या सदराचं पान वर करून. मी तिकडे बघितलं आणि लगेच तक्त्याकडे बघितलं. पण बाईंचं माझ्या डोळ्यांकडे लक्ष होतं. तो त्यांच्या धंद्याचाच भाग असावा.

“वाचता का हे तुम्ही?”

“कधीमधी.”

“हा राशीपलीकडेवाला बरं लिहितो. ग्रह नुसते समोर बघत नाहीत, काही जण बाजूलाही बघतात, असं त्यानं लिहिलं होतं. मी म्हटलं, हा माणूस नक्की गाडी चालवणारा. नुसतं समोर बघून भागत नाही, बाजूचे आरसे लागतात, हे दुसऱ्या कोणाला सुचणार?”

“असेल,” मी म्हणालो.

“पण माणूस म्हणून काही खरं नाही. पत्र टाकलंय मी, पत्रिकेसकट. उत्तर नाही. मेला असेल.”

“नसेल.”

“तुम्हाला काय माहीत?”

“सदर येतंय ना अजून.”

“जुनी छापत असतील.”

बोलू नये ते बोललो. “मग तुम्ही जाणार?”

“कुठं?”

“दुपारच्या शिकवणीला,” मी म्हणालो आणि उठलो. उठताना माझ्या कोपरानं खेळण्यातला ट्रक चौकात उलटला. बाईंनी तो सरळ केला आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मंगळ आठवावा.

घरी येऊन मी उत्तराचा मसुदा लिहायला घेतला. तो वाढत गेला. एका पानावर मी ‘जाऊ नये’ असं सिद्ध केलं, कारण चौथं घर राहत्या घराचंही असतं आणि त्याच्याकडे एवढी तीन मोठी मंडळी बघताहेत. पुढच्या पानावर ‘जावं’ असं सिद्ध झालं, कारण गुरू बाराव्या घरात, आणि ते दूरच्या प्रदेशाचं. तिसऱ्या पानावर पुन्हा ‘जाऊ नये’. मग मी पेन खाली ठेवलं. हे ‘जाऊ नये’ ग्रह म्हणताहेत की मी म्हणतोय? एका बाईच्या भागीदारीचा प्रश्न. त्यात खिडकीत बसणाऱ्या म्हाताऱ्याची सोय मिसळली असेल, तर ती लबाडीच झाली.

म्हणून मी मसुदा ताईला दिला. “यात माझं स्वतःचं काही घुसलंय का, ते बघ.”

ताई निवडत असलेली भाजी बाजूला ठेवून वाचायला बसली. “‘या व्यक्तीच्या आयुष्यात वाहन हा मध्यवर्ती विषय आहे.’ हं. ‘वाणी कठोर, मस्तकावर इजा.’ बरं. ‘तिघांची नजर.’ छान लिहितोस रे तू. पत्रिका कुठाय?”

मी पुठ्ठ्यासकट दिली. तिनं चिमटे काढले, पुठ्ठा उचलला आणि कागदाकडे बघतच राहिली.

“बाळ, ही तुझी आहे.”

“काय माझं आहे?”

“पत्रिका. हा शाईचा डाग बघ, समासातला. बाबा तुझी पत्रिका लिहीत होते आणि माझा हात लागून दौत सांडली. तुझ्यापायी मी पहिल्यांदा बोलणी खाल्ली ती याच डागावरून. आणि चंद्राच्या घरातला हा सहाचा आकडा बघ. कन्या रास. तुझी.”

मी ग्रंथ उघडला. बाईंची पत्रिका खुणेच्या कागदांत, एक पान पुढे, जशी ठेवली तशी होती. मी काढलेला कागद म्हणजे कित्येक वर्षं त्या ग्रंथात खूण म्हणून वापरलेली माझी पत्रिका. स्वतःची पत्रिका वाचायचं धैर्य मला कधी झालं नव्हतं. तिच्यातले ग्रह मी ओळखणार कसे? ओळखली असती ती रास. ती तर शाळेतल्या पोरालाही आपापली ठाऊक असते. आणि नेमकी तीच मी झाकून ठेवली होती.

“पुठ्ठा होता ना वर,” मी म्हणालो.

“हो. छान कापलायस.”

“पण सगळं जुळत होतं, ताई. डोक्याची इजा जुळली.”

“तुझ्या डोक्यात शब्दकोश पडला होता. शिडीवर उभा होतास, वरच्या फळीवरून आला. टाके घालायला मी नेलं होतं तुला.”

ते मी विसरलो होतो. कपाळाला हात लावला. खूण होती. “आणि वाणी? शनी दुसऱ्या घरात. कठोर वाणी.”

ताईनं ग्रंथ ओढला, पान शोधलं आणि ओळीवर बोट ठेवलं. “पुढचं का नाही वाचलंस? ‘कठोर वाणी, अन्यथा जवळजवळ मौन.’”

“पण वाहन? मी सायकलवरसुद्धा कधी बसलो नाही.”

“चौथं घर रिकामं आहे, असं तूच लिहिलंयस. मग रिकामंच आहे की. बिचारे तिघे तुझ्या जन्मापासून तिकडे टक लावून बसलेत, हा गाडीत कधी बसतो म्हणून. पाय दुखले असतील त्यांचे.”

मी बाईंची खरी पत्रिका पुढ्यात घेतली, तिच्यावर पुठ्ठा ठेवला आणि सगळे नियम पाळून वाचली. चंद्र, शुक्र आणि बुध अशा जागी बसले होते की निष्कर्ष एकच निघत होता. तो मी ताईला वाचून दाखवला. “ही व्यक्ती मितभाषी असून पाण्याच्या काठी राहते. फुलझाडांची आवड. मृदू स्वर.”

खालून आवाज आला. “ब्रेक. ब्रेक म्हणजे मधला. डॉक्टर, अहो मधला म्हणजे मधला, दाढ उपटताना चुकता का असे?”

ताईनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. “मृदू स्वर,” ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

माझी मात्र फार वाईट अवस्था झाली होती. इतकी वर्षं सदर लिहिलं. किती लोकांनी त्यावर विश्वास ठेवून आपली रिकामी घरं मोजली असतील. “मी सदर बंद करतो,” मी म्हणालो.

“ते नंतर कर. आधी त्या बाईला उत्तर दे. टेम्पो येतोय.”

“काय देऊ? ग्रह काय म्हणतात ते मला कळत नाही.”

“तुला काय वाटतं?”

“मला काय वाटतं त्याला शास्त्रात जागा नाही, ताई.”

“मग तुझ्या त्या चौथ्या घरात आहे ना जागा? तिथं ठेव,” ती म्हणाली. “आणि एवढं लांबलचक लिहू नकोस. ती गाडी मागे घेताना वाचते.”

मी नवा कागद घेतला. आपण कोण, हा प्रश्न वेळेवर आला, पण या वेळी पत्रिका समोरच पडली होती, त्यामुळे तो जरा ओशाळला. मी लिहिलं:

‘आपली पत्रिका मला वाचता आली नाही. वाचली ती चुकून माझीच निघाली. तिच्यात वाहनांचं घर रिकामं आहे आणि तीन ग्रह त्याच्याकडे बघत ताटकळले आहेत. त्यांना आणखी थांबवणं बरं दिसत नाही. मला आपल्याकडे गाडी शिकायची आहे. माझी एकूण गती पाहता शिकायला पुष्कळ वर्षं लागतील असा अंदाज आहे. जाण्याचं ठरवण्यापूर्वी याचा विचार व्हावा. आपण जाऊ नये, हे मत ग्रहांचं नसून माझं आहे. मी समोर राहतो. मेलेलो नाही. एक वाचक.’

ताईनं ते वाचलं. “आता समोर जा आणि हातात दे.”

“टपालानं टाकतो.”

“अरे, दार दिसतंय तिचं.”

“पत्र टपालानं आलं होतं,” मी म्हणालो. यावर मात्र मी ठाम होतो.

टपालपेटी बाईंच्या दाराशेजारीच आहे. शिकणाऱ्यांच्या गाड्यांनी येता-जाता धक्के देऊन तिला एका अंगाला कलती केली आहे, त्यामुळे पत्र टाकणाऱ्यालाही थोडं कलावं लागतं. दारात भावाचा टेम्पो अजून आला नव्हता, पण आतल्या लाकडी चौकटीला दोर गुंडाळलेला दिसत होता. स्टिअरिंग बांधून तयार होतं. मी कललो. पाकीट फटीत अर्धं गेलं आणि माझा हात तिथेच थांबला. वाटलं, एखादा शब्द बदलावा. ‘पुष्कळ’ऐवजी ‘काही’ चालला असता.

मागून गाडीचा आवाज आला. वळून बघितलं तर लाल गाडी मागे मागे, सरळ माझ्याच रोखानं येत होती, आणि चालवायच्या जागी डॉक्टर, तोंड उघडं टाकून. बाईंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी पेटीपासून वीतभर अंतरावर थांबली. खिडकीतून बाईंचं डोकं बाहेर आलं, आरशात बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पेटीकडे, मग पाकिटाकडे.

“टाका लवकर, समोरचे,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर पुन्हा मागे घेणार आहेत. पेटी राहील याची मी खात्री देत नाही.”

मी पाकीट सोडलं. ते आत पडल्याचा आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला.